छातीतली कळ अंगावर काढू नका : घरातल्या बायकांच्या हृदयासाठी पायरीपायरीने

भारतात बायकांचे सगळ्यात जास्त मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होतात. तरीही हार्ट अटॅक म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो पोट सुटलेला, सिगारेट ओढणारा पुरुष. घरातल्या बाईला होतं ते पित्त. माझ्या आईचं दुखणंही आधी पित्त, मग पाठीतली उसण, मग ‘दिवाळीच्या कामाचा थकवा’ अशा नावांनी घरात फिरलं आणि शेवटी कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासून उघडतात त्या खोलीत, पोहोचलं. तेव्हापासून तिच्या गोळ्या, तपासण्या, योजनेचे कागद, फॉलो-अप हे सगळं मी बघते. माझ्या स्वतःच्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं, म्हणजे पुढचा नंबर माझा असू शकतो. म्हणून हे नुसतं दुसऱ्यांसाठी लिहिलेलं नाही.

एवढ्या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालंय. औषधं आहेत, मशिन आहेत, बऱ्याच ठिकाणी सरकारी पैसाही आहे. वेळ जातो तो घरात. बाई सांगत नाही, सांगितलं तर कुणी मनावर घेत नाही, आणि दवाखान्यात गेलीच तर ‘टेन्शन घेऊ नका’ ऐकून परत येते. खालच्या पायऱ्या तो वेळ वाचवण्यासाठी आहेत.

वाचताना आत्ता घरात कुणाच्या छातीत दुखत असेल तर लेख बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन लावा. बाकीच्यांनी पुढे वाचा.

१. बाळंतपणाची जुनी फाईल खाली काढा

हे कुठल्याच हेल्थ चेकअपच्या जाहिरातीत नसतं, म्हणून सुरुवात इथून. ही फाईल बहुतेक घरांत कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, मुलाच्या जन्मदाखल्याबरोबर एका प्लास्टिकच्या पिशवीत असते. तिच्यात पुढच्या गोष्टी शोधा:

- गरोदरपणात बीपी वाढलं होतं का? लघवीतून प्रथिनं जात होती का? फाईलवर ‘प्रीएक्लाम्प्सिया’ किंवा ‘पीआयएच’ असं लिहिलेलं असेल.
- गरोदरपणात साखर वाढली होती का?
- बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं का, किंवा वजनाला फार कमी होतं का?

बाळंतपणानंतर बीपी उतरतं, साखर जागेवर येते आणि सगळे विसरून जातात. पण या बायकांना पुढच्या आयुष्यात उच्च रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त राहतो. फिजिशियनकडे गेलात तर तो हे बहुधा विचारणार नाही, कारण बाळंतपण हे त्याच्या खात्यात येत नाही. तुम्ही स्वतःहून सांगा.

फाईल हातात आहे तोवर एका कागदावर आणखी काही लिहून काढा. पाळी कधी गेली? पंचेचाळिशीच्या आत गेली असेल तर धोका वाढतो. गर्भपिशवीबरोबर अंडाशयंही काढली होती का? डिस्चार्ज कार्डावर बघा, कारण ‘पिशवी काढली’ एवढंच बहुतेकींना माहीत असतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांचा प्रश्न गाजला, तेव्हा चर्चा झाली ती मुकादम, उचल आणि बुडालेली मजुरी यांची. पण ज्यांची अंडाशयंही कमी वयात काढली गेली, त्यांची हाडं आणि हृदय या दोन्हींवर पुढे लक्ष ठेवावं लागतं. ते कोण ठेवतंय, हा प्रश्न अजून तसाच आहे.

पीसीओएस, आमवात, ल्युपस, स्तनाच्या कर्करोगासाठी घेतलेली केमो किंवा डाव्या बाजूला दिलेलं रेडिएशन, यातलं काही असेल तर तेही लिहा. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत अटॅक आला असेल तर त्याखाली रेघ मारा.

लहानपणी ताप येऊन एकामागून एक सांधे सुजले होते का, हेही आईला किंवा मावशीला विचारा. घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या या संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होतात. अटॅकपेक्षा हा आजार निराळा. आपल्याकडे तो तरुण बायकांत सापडतो आणि पुष्कळदा पहिल्या गरोदरपणात दम लागू लागला की उघडकीला येतो. वेळेत कळलं तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देऊन झडपेचं पुढचं नुकसान रोखता येतं. लग्न ठरलेल्या, चालताना धाप लागणाऱ्या मुलीला ‘रक्त कमी आहे’ म्हणून नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊ नका. एकदा छातीला स्टेथोस्कोप लावून घ्या, डॉक्टरांनी सांगितलं तर टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करा.

२. आकडे मिळवा

तिशीनंतर प्रत्येक बाईला आपले आकडे माहीत हवेत. खर्च परवडत नसेल तर उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात जा. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी आणि साखरेची तपासणी तिथे मोफत होते. गावातल्या आशाताईंना विचारा, त्या फॉर्म भरून घेतात.

*बीपी.* मोजण्याआधी लघवीला जाऊन या. अर्धा तास चहा नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, गप्प बसा. कफ दंडावर, हात हृदयाच्या उंचीवर. ब्लाउजची बाही वर सरकवून दंड आवळला जात असेल तर आकडा चुकतो. दंड जाड असेल तर मोठा कफ मागा, लहान कफमध्ये बीपी जास्त दाखवतं. दोनदा मोजा. दवाखान्यात १४०/९० किंवा घरी १३५/८५ च्या वर वारंवार येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. घरी मशिन घ्यायचं तर दंडावरचं घ्या, मनगटावरचं नको.

*साखर.* एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. यात एक मेख आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. लोहाच्या कमतरतेमुळे एचबीए१सी खोटा जास्त येऊ शकतो. म्हणून बरोबर हिमोग्लोबिन आणि उपाशीपोटीची साखरही करा. गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर ही तपासणी दर एक ते तीन वर्षांनी हवी, आयुष्यभर.

*चरबी.* लिपिड प्रोफाइलमध्ये नुसतं ‘टोटल’ बघू नका. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, किती ते बघा. आपल्या बायकांत एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त अशी जोडी बरीच आढळते. एचडीएल ५० च्या खाली असेल तर कमी समजतात. घराण्यात लवकर अटॅक आलेले असतील तर लिपोप्रोटीन-ए ही तपासणी आयुष्यात एकदा करून घ्या. ती अनुवंशिक असते, दरवर्षी करायची गरज नाही.

*कंबर.* शिवणकामाची टेप घ्या आणि नाडी बांधतो तिथे नव्हे, तर शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या मध्यावर मोजा. भारतीय बायकांसाठी मर्यादा ८० सेंटिमीटर आहे. आकडा बघून वाईट वाटेल, पण लिहून ठेवा.

आणि थायरॉइड. तो बिघडला की एलडीएलही वाढतं, त्यामुळे कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करण्याआधी टीएसएच करून घेणं शहाणपणाचं.

३. मिश्री, मीठ, तेल, चालणं

मिश्रीपासून सुरुवात करू, कारण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. डॉक्टर विचारतात, ‘तंबाखू खाता का?’ आजी म्हणते, ‘छे!’ कारण तिच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूच ती. तिचं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं आणि सवय अशी जडते की सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. डॉक्टरांपुढे मिश्रीचं नाव घेऊन सांगा. सोडायला मदत लागते, जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्र असतं. चुलीचा धूरही यातच धरा. गॅस आहे पण पाणी तापवायला आणि भाकरीला चूल, हे अजून कितीतरी घरांत चालतं. धुराचे बारीक कण फुप्फुसांइतकेच रक्तवाहिन्यांनाही भोवतात.

मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक चमचा सपाट, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाजी अळणी करून भागत नाही, कारण पापड, लोणचं, सांडगी मिरची, फरसाण, खारे शेंगदाणे आणि शेजवान चटणी यांतून मीठ आधीच येऊन बसलेलं असतं. आमच्याकडे ताटात डावी बाजू निम्मी केली आणि भाजीतलं मीठ तसंच ठेवलं, ते टिकलं. लिंबू, कोकम, ओला नारळ, कोथिंबीर यांनी चव भागते. मीठ बदलून ‘लो सोडियम’ घ्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते महागात पडतं.

तेलाचा हिशोब सोपा: माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर दुपटीहून जास्त होतंय. कुठलं तेल भारी यावर नातेवाइकांत तासभर वाद होतो, किती वापरतो यावर कुणी बोलत नाही. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपांमधल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरी खारी, नानकटाई, क्रीमरोल रोजचे नकोत. तळून उरलेलं तेल पुन्हापुन्हा कढवू नका.

उपवासाचं काय? एकादशी, चतुर्थी, गुरुवार, नवरात्र. साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, बटाट्याचा कीस हे मधुमेह असलेल्या बाईला जेवणापेक्षा जड जातं. उपवास सोडा असं मी आईला सांगितलं असतं तर तिने मला सोडलं असतं. वरई, राजगिरा, ताक, काकडी, मूठभर शेंगदाणे आणि एक फळ यावर आमची तडजोड झाली.

चालणं: आठवड्याला दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. ‘दिवसभर घरात चालतेच की’ हे धरू नका. ओट्यापासून फ्रिजपर्यंतच्या फेऱ्यांत दम लागत नाही. सकाळचा डबा, शाळेची बस यात वेळ नसेल तर जेवणानंतर दहा-दहा मिनिटंही चालतात.

४. लक्षणं: काय ऐकू आलं की उठायचं

बायकांनाही अटॅकमध्ये छातीतच दुखतं, हे आधी नीट समजून घ्या. ‘बायकांची लक्षणं वेगळी’ हे वाक्य इतकं पसरलंय की छातीतल्या कळेकडेच दुर्लक्ष व्हायला लागलंय. फरक असा की बायकांत छातीबरोबर, किंवा काही वेळा छातीऐवजी, इतर गोष्टी जास्त दिसतात: दोन खांद्यांच्या मधे पाठीत दुखणं, जबडा किंवा गळा आवळल्यासारखा वाटणं, हात जड होणं, धाप, मळमळ, उलटी, गार घाम, आणि अंघोळ करतानाही थकायला होणं.

आपल्या बायका दुखलं असं क्वचित म्हणतात. त्यांचे शब्द ऐका: ‘जीव घाबरा होतोय.’ ‘छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटतंय.’ ‘करपट ढेकर येतायत, पण मोकळं होत नाही.’ ‘गळपटल्यासारखं झालंय.’ जिना चढताना किंवा पाण्याची कळशी उचलताना येतं, थांबलं की जातं, असं काही दिवस चाललं असेल तर ते पित्त समजू नका. जिऱ्याचं पाणी, सोडा, बाम यांत अर्धा तास घालवू नका. पित्तच निघालं तर एका ईसीजीचे पैसे गेले, बस.

५. पहिला तास

१. तिला जिथे आहे तिथे बसवा, पाठीला उशी द्या. जिना उतरायला लावू नका. ‘आवरून येते’, ‘साडी बदलते’, ‘भाजी तेवढी फोडणीला टाकते’ यातलं काहीही चालणार नाही.

२. १०८. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. गल्ली अरुंद असेल तर एकाने मुख्य रस्त्यावर उभं राहावं. गाडी यायला फार वेळ लागणार असं कळलं तर घरची किंवा शेजाऱ्यांची चारचाकी काढा, पण रुग्णाला दुचाकीवर मधे बसवून नेऊ नका.

३. अ‍ॅस्पिरिनची ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची गोळी चावून घेतल्याने फायदा होतो. पण तिची अ‍ॅलर्जी, पोटात रक्तस्राव किंवा आधीचा मेंदूतला रक्तस्राव असेल तर नाही. म्हणून फोनवर डॉक्टरांना विचारून द्या. शेजारच्या काकांच्या डब्यातली जिभेखालची गोळी मात्र देऊ नका, बीपी आधीच पडलेलं असेल तर ती घात करते.

४. ती कोसळली, हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरात दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. बाई आहे म्हणून लोक हात लावायला कचरतात, हे जगभर दिसून आलंय. लाज नंतर.

कुठे न्यायचं हे आजच ठरवून फ्रिजवर लिहा. आसपासच्या दोन रुग्णालयांना फोन करून विचारा: कॅथलॅब आहे का, रात्री चालू असते का, हृदयरोगतज्ज्ञ बोलावल्यावर येतात का? मोठ्या अटॅकमध्ये रुग्णालयात पोहोचल्यापासून ९० मिनिटांत अँजिओप्लास्टी (बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडणं) व्हावी अशी अपेक्षा असते. कॅथलॅब दूर असेल तर जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घेऊन मग पुढे जाता येतं. गोव्यात यासाठी स्टेमी (अशा मोठ्या अटॅकचं वैद्यकीय नाव) प्रकल्प आहे, छोट्या रुग्णालयातला ईसीजी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातल्या तज्ज्ञांना दाखवून इंजेक्शन तिथेच देतात. मुलं पुण्याला किंवा परदेशात असतील तर शेजारच्या एका घरी किल्ली आणि रिपोर्टांचा फोटो असू द्या.

६. ईसीजी काढताना

पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. केसपेपरच्या रांगेत उभं राहू नका, ‘छातीत दुखतंय’ हे शब्द मोठ्याने उच्चारा. ‘अस्वस्थ वाटतंय’ म्हटलंत की बाकड्यावर बसवतात.

आता नाजूक भाग. ईसीजीचे सहा बिंदू छातीवर ठरलेल्या जागी लावायचे असतात, त्यातले काही डाव्या स्तनाखाली. ब्लाउज न काढता, पदराआडून अंदाजाने चिकटवले की ते वर सरकतात आणि पट्टी चुकीची येते. बाईही संकोचते, टेक्निशियनही संकोचतो आणि नुकसान तिचं होतं. परिचारिका मागा, पडदा मागा, पण ब्लाउज आणि आतले कपडे काढून नीट ईसीजी काढून घ्या. घरून निघताना पुढून उघडणारा गाऊन घालता आला तर उत्तम.

अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत डाय सोडून काढलेलं चित्र, हल्ली बहुधा उजव्या मनगटातून करतात. आईच्या हातात लग्नातल्या पाटल्या होत्या, साबण लावूनही निघेनात. शेवटी वॉर्डातल्या मावशींनी हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून, तिच्यावरून तेल लावून त्या सरकवल्या. हिरवा चुडा असेल तर तो फोडावा लागतो आणि त्या क्षणी घरातलं कुणीतरी ‘अपशकुन’ म्हणतं. वाद घालू नका, डॉक्टरांना काम करू द्या. मंगळसूत्र, जोडवी, नथ काढून एका डबीत, घरच्या एकाच माणसाकडे. नखांना रंग असेल तर पुसा, बोटाला लावतात त्या ऑक्सिजनच्या चिमट्याला तो अडथळा होतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन घेत असाल, किडनीचा त्रास असेल, आधी कधी डायची अ‍ॅलर्जी आली असेल किंवा दिवस राहिल्याची शक्यता असेल तर आधी सांगा.

७. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हटलं तर

एक ईसीजी नॉर्मल म्हणजे अटॅक नाही, असं नसतं. दुखणं चालू असेल तर थोड्या वेळाने पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिन ही हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा करतात. पहिल्यावर घरी पाठवत असतील तर नम्रपणे विचारा: ‘दुसरी ट्रोपोनिन कधी?’

ट्रेडमिल टेस्ट बायकांत फसवी निघू शकते, दोष नसताना दोष दाखवते. डॉक्टरांशी बोलून स्ट्रेस इको किंवा सीटी अँजिओग्राफीचा विचार करा.

आणि अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाही, तरी दुखतं? हे बायकांत पुरुषांपेक्षा जास्त होतं. कधी फार बारीक रक्तवाहिन्या नीट उघडत नाहीत, कधी वाहिनी आकसते, कधी तिचा आतला पापुद्रा सुटतो. हा शेवटचा प्रकार तरुण बायकांत, बाळंतपणाच्या आसपासही दिसतो. जवळचं माणूस गेल्यासारख्या धक्क्यानंतर हृदयाचा एक भाग फुग्यासारखा फुगतो, त्याचं वर्णन १९९० च्या सुमारास जपानमध्ये झालं, नाव टाकोत्सुबो. पाळी गेलेल्या बायकांत तो जास्त. या सगळ्यांना उपचार आहेत. ‘ब्लॉकेज नाही, मनाचे खेळ आहेत’ एवढ्यावर फाईल बंद होऊ देऊ नका, दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांपर्यंत झोपल्यावर दम लागणं, पाय सुजणं, रात्री उठून बसावं लागणं हे ‘बाळंतीण आहे, अशक्तपणा’ म्हणून सोडू नका. हृदयाचा स्नायू कमजोर झालेला असू शकतो. इको करा.

८. कागद आणि पैसा

एका फाईलमध्ये आजच ठेवा:

- रेशनकार्ड, मूळ आणि झेरॉक्स
- रुग्णाचं आधारकार्ड, त्यावरचं नाव रेशनकार्डाशी जुळतंय का ते बघून
- आयुष्मान कार्ड काढलं असेल तर ते
- खासगी विमा असेल तर कार्ड आणि पॉलिसी
- जुने ईसीजी (तारखेसकट), चालू गोळ्यांची यादी, पहिल्या पायरीत लिहिलेला कागद

सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. आधारवर सासरचं नाव, रेशनकार्डावर माहेरचं, किंवा रेशनकार्डावर तिचं नाव चढवलेलंच नाही. आयसीयूच्या दारात हे सुधारता येत नाही, तहसील कार्यालयात आत्ता सुधारता येतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. अँजिओप्लास्टी, बायपास, झडपेची ऑपरेशन त्यात बसतात, पण योजनेत असलेल्या, म्हणजे अंगीकृत रुग्णालयातच. रुग्णालयात पाय ठेवल्यावर आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचा, टेबल शोधा, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे. तीन गोष्टी विचारा: हे रुग्णालय हृदयाच्या उपचारांसाठी अंगीकृत आहे का, अँजिओग्राफीचा खर्च धरलाय का, बाहेरून काही आणायला सांगणार आहात का. योजनेत असताना पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ वर तक्रार करा.

पैसे भरून करत असाल तर लक्षात ठेवा, २०१७ पासून स्टेंटच्या (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या) किमतीवर सरकारी मर्यादा आहे आणि बिलात स्टेंटची किंमत, कंपनी, प्रकार वेगळा दाखवावा लागतो. स्टेंटच्या पाकिटावरचा स्टिकर फाईलमध्ये चिकटवून घ्या. अँजिओग्राफीची सीडीही मागा, नुसता छापील रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरला पुरत नाही.

९. घरी आल्यावर

पुरुष अटॅकनंतर घरी येतो तेव्हा त्याला खाटेवर चहा मिळतो. बाई घरी येते तेव्हा विचारतात, ‘आता बरं वाटतंय ना? मग कुकर लावशील?’ हे आधीच घरात बोलून घ्या. मनगटातून अँजिओप्लास्टी झाली असेल तर काही दिवस त्या हाताने हंडा, गॅस सिलिंडर, ओल्या चादरी पिळणं, कणीक तिंबणं बंद. बायपास असेल तर छातीचं हाड जुळायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर दोन-तीन किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही, नातवंडालाही नाही. टाक्यांवर स्तनांचा भार येऊन जखम ओढली जाते, त्यासाठी पुढे हुक असलेली, मऊ, तारेविना ब्रा डॉक्टरांना विचारून लवकर सुरू करा. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, शेजारच्या खाटेवरच्या बाईंकडून कळलं.

गोळ्यांचं: स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर चालतात, त्यातली एक बहुधा कायमची. दात काढायचा, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे म्हणून दाताच्या किंवा डोळ्यांच्या डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन. पाळी चालू असलेल्या बाईला या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो, तेव्हाही आपल्या मनाने बंद न करता सांगायचं. मूल हवं असेल तर बीपीच्या काही गोळ्या आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आधीच बदलाव्या लागतात. एलडीएल आता ७० च्या खाली, बऱ्याच तज्ज्ञांच्या मते ५५ च्या खाली हवं, त्यामुळे ‘रिपोर्ट चांगला आला’ म्हणून स्टॅटिन थांबवू नका. तो चांगला आला तो गोळीमुळे. पैशाची ओढ असेल तर डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून तेच घटक असलेल्या गोळ्या घ्या.

कार्डिअ‍ॅक रिहॅब, म्हणजे देखरेखीखालचा व्यायाम, तुमच्या रुग्णालयात असेल तर जा. तिथे पुरुष रांगेने दिसतात, बायका मोजक्या. ‘घरी कोण बघणार’ या प्रश्नाचं उत्तर घरच्यांनी द्यायचं.

आणि हरतालिका. निर्जळी उपवास आणि त्याच दिवशी लघवीची गोळी किंवा मधुमेहाच्या गोळ्या, ही जोडी रुग्णालयात पोहोचवू शकते. भाद्रपद लागायच्या आधीच्या फॉलो-अपला डॉक्टरांना सरळ विचारा, कोणती गोळी कधी, पाणी किती. आमच्या डॉक्टरांनी आईला सांगितलं, ‘आजी, पूजा करा, पण पाणी पिऊन.’ तिने ते माझ्याकडून कधी ऐकलं नसतं. म्हणून आता असले सगळे प्रश्न मी चिठ्ठीवर लिहून नेते आणि डॉक्टरांना तिच्यासमोरच विचारते.